पडीक कारखान्याच्या जमिनीत काय मुरलंय? अमेरिकेत या तपासणीला सरकारी पैसा कसा मिळतो

शहराच्या मधोमध एखादा कारखाना बंद पडलेला असतो. रस्ता, पाणी, वीज, मलवाहिनी सगळं दारात, भावही पडलेला, तरी वर्षानुवर्षं गिऱ्हाईक फिरकत नाही. अमेरिकेत अशा जागेला ‘ब्राउनफिल्ड’ म्हणतात. तिथल्या केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या अंदाजानुसार देशात अशा साडेचार लाखांहून अधिक जागा आहेत. कायद्यातली व्याख्या नीट वाचण्यासारखी आहे: घातक द्रव्य असल्यामुळे किंवा असण्याच्या शक्यतेमुळे जिचा पुनर्वापर अवघड होतो, ती जागा. म्हणजे नुसता संशयही पुरतो. सौद्याला खरी खीळ बसते ती याच संशयामुळे, कारण ज्या खर्चाचा आकडा कुणालाच माहीत नाही तो किमतीतून वजा करता येत नाही. मग व्यवहारच होत नाही. तपासणीसाठी सरकार पैसे देतं ते हा आकडा कागदावर यावा म्हणून.

भीती आली कुठून

न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाचा अर्धवट खोदलेला कालवा होता. हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती ओढली आणि ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला विकून टाकली. तिथे शाळा झाली, आजूबाजूला घरं उठली आणि काही वर्षांनी तळघरांमध्ये रसायनं पाझरू लागली. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. १९८० चा सुपरफंड कायदा आला तो यातून.

या कायद्याने जबाबदारीची व्याख्या फार रुंद केली. प्रदूषण आधीच्या मालकाने केलेलं असलं तरी आजचा मालक जबाबदार. त्या काळी ते कृत्य कायदेशीर होतं हा बचाव चालत नाही. पाच जण जबाबदार असले आणि चौघांचं दिवाळं निघालं, तर पाचव्याकडून सगळी वसुली होऊ शकते. प्रदूषण करणाऱ्यांना चाप बसावा म्हणून केलेल्या या नियमाचा धसका निर्दोष खरेदीदारांनी आणि बँकांनीच जास्त घेतला. ते सरळ शहराबाहेरच्या कोऱ्या शेतजमिनीकडे वळले.

१९९३ मध्ये ओहायोतल्या कायहोगा काउंटीत, म्हणजे क्लीव्हलँडच्या परिसरात, ईपीएने पहिला प्रायोगिक ब्राउनफिल्ड प्रकल्प सुरू केला. पुढे ११ जानेवारी २००२ रोजी स्वतंत्र कायदा झाला आणि त्याने दोन गोष्टी एकदम केल्या. तपासणी आणि सफाईच्या अनुदानांना कायद्याचा आधार दिला, आणि जागा दूषित आहे हे माहीत असूनही ती विकत घेणाऱ्याला संरक्षण दिलं. अट अशी, की खरेदीच्या आधी त्याने ठरलेल्या पद्धतीने ‘सर्व योग्य चौकशी’ केलेली असली पाहिजे आणि प्रदूषण करणाऱ्याशी त्याचं साटंलोटं नसावं. हे ‘आधी’ अगदी शब्दशः घ्यायचं. खरेदीखत आज आणि चौकशी उद्या, असं झालं की संरक्षण गेलं. जागा घेतल्यावरही काही कर्तव्यं राहतातच: चालू गळती थांबवणं, लोकांचा संपर्क टाळण्यासाठी वाजवी पावलं उचलणं, यंत्रणांना जागेवर येऊ देणं.

पैसे कुणाला आणि किती

नगरपालिका, काउंटी, राज्य, आदिवासी जमातींची सरकारं, पुनर्विकास प्राधिकरणं आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर ना-नफा संस्थाही अर्ज करू शकतात. खासगी विकासक किंवा जमीनमालक करू शकत नाही. पण नगरपालिकेला मिळालेल्या पैशातून खासगी जागेची तपासणी होऊ शकते, मालकाने लेखी परवानगी दिली तर. पुष्कळ मालकांना हे ठाऊकच नसतं.

२०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने या कार्यक्रमासाठी पाच वर्षांत दीड अब्ज डॉलर ठेवले. त्यानंतरच्या फेऱ्यांमध्ये एका शहराला किंवा काउंटीला तपासणीसाठी कमाल ५ लाख डॉलर, अनेक संस्थांच्या आघाडीला १० लाख किंवा त्याहून जास्त, आणि राज्यांना व जमातींना २० लाखांपर्यंत अशी मर्यादा राहिली आहे. मुदत साधारण चार वर्षं. प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत बसवायचा. एकाच जागेवर किती खर्च करायचा यालाही कायद्यात मर्यादा आहे: २ लाख डॉलर, आणि खास सवलत मिळाली तर साडेतीन लाख.

या पैशातून काय होत नाही, हे आधी पाहिलेलं बरं. जागा विकत घेता येत नाही, दंड भरता येत नाही, आणि सफाईही करता येत नाही. सफाईचं अनुदान वेगळं असतं. तपासणीच्या पैशातून होतं ते असं: संशयित जागांची यादी, कागदोपत्री चौकशी, जमिनीतले नमुने, सफाईच्या पर्यायांची तुलना, पुनर्वापराचा आराखडा आणि लोकांशी बोलणं.

५ लाखांचं अंदाजपत्रक कसं दिसतं याचा एक नमुना मांडू. कागदोपत्री चौकशी, म्हणजे ‘फेज वन’, साधारण ५ हजारांना एक धरली तर दहा जागांचे ५० हजार. जमीन उकरून तपासणी, म्हणजे ‘फेज टू’, सरासरी ४० हजार धरून सात जागांचे २ लाख ८० हजार. गुणवत्तेचा मुख्य आराखडा, म्हणजे नमुने कसे घ्यायचे आणि तपासायचे याचा, ८ हजार. सफाईचे आणि पुनर्वापराचे आराखडे ८७ हजार. जागांची यादी आणि लोकांच्या बैठका ४० हजार. कर्मचारी, प्रवास, प्रशासन ३५ हजार. फेज टू सातच धरल्या, कारण दहापैकी काही जागा फेज वनमध्येच निर्धोक ठरतात आणि एखाद-दुसरा मालक ऐन वेळी मागे सरतो. फेज टूवर पैसे कमी ठेवून बैठकांवर आणि आराखड्यांवर उधळण केलेले अर्ज असतात. ते देखणे दिसतात, पण शेवटी जमिनीत काय आहे ते कळतच नाही.

आधी जागा पात्र ठरवून घ्या

अनुदान मंजूर झालं म्हणजे कोणत्याही जागेवर यंत्र लावता येतं असं नाही. प्रत्येक जागेची पात्रता स्वतंत्रपणे मंजूर करून घ्यावी लागते. सुपरफंडच्या राष्ट्रीय यादीतली, म्हणजे देशातल्या सर्वांत गंभीर प्रदूषित जागांच्या यादीतली जागा चालत नाही, संघराज्य सरकारच्या ताब्यातलीही नाही. सुपरफंड कायद्याखाली आदेश निघालेली जागाही बाद. इतर काही प्रकारांत ईपीए त्या एका जागेपुरता खास निर्णय देते.

पेट्रोलियमचं प्रकरण निराळं आहे. सुपरफंड कायद्यातून पेट्रोलियम वगळलेलं असल्यामुळे जुन्या पेट्रोल पंपाच्या पात्रतेचा निर्णय बहुधा राज्याची यंत्रणा करते, आणि ऐपतदार असा जबाबदार माणूस किंवा कंपनी शिल्लक नाही हे दाखवावं लागतं. पंपमालक खमका आणि पैसेवाला असेल तर सरकार त्याच्यासाठी खर्च का करेल? घातक रसायनांच्या जागेवर मात्र प्रश्न अनुदान घेणाऱ्याचा असतो: नगरपालिका स्वतःच त्या प्रदूषणाला जबाबदार नाही ना?

ही मंजुरी हातात येण्याआधी केलेला खर्च अनुदानातून मिळेल या भरवशावर राहू नये.

फेज वन: एकही खड्डा न खणता

फेज वनमध्ये माती-पाण्याला हात लावत नाहीत. जुने कागद धुंडाळणं, जागेवर फिरणं, माणसांशी बोलणं आणि अहवाल लिहिणं, एवढंच. चौकशीचे नियम ईपीएने २००५ मध्ये केले, ते २००६ पासून लागू झाले. व्यवहारात एएसटीएम या संस्थेचं ‘ई १५२७’ हे मानक पाळलं जातं. त्याची २०२१ ची आवृत्ती सध्या चालते. सही करणारा माणूस कोण असावा हेही ठरलेलं आहे. परवानाधारक अभियंता किंवा भूशास्त्रज्ञ आणि तीन वर्षांचा अनुभव, किंवा विज्ञान-अभियांत्रिकीची पदवी आणि पाच वर्षांचा, किंवा नुसता दहा वर्षांचा संबंधित अनुभव.

इतिहास १९४० पर्यंत किंवा जागेवर पहिलं बांधकाम झालं तिथपर्यंत, यांत जे आधीचं असेल तिथवर मागे न्यायचा. यात सॅनबोर्न कंपनीचे नकाशे सोन्यासारखे. १८६७ पासून आगविमा कंपन्यांसाठी सुमारे १२ हजार शहरांचे हे नकाशे काढले गेले. विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी. विमेवाल्याला आगीची भीती, म्हणून त्याने पेट्रोलच्या टाक्या, रंगाच्या खोल्या, बॉयलर, विद्रावकांची कोठारं अचूक टिपली. आज तिथे डांबरी पार्किंग दिसतं, पण १९२० च्या दशकातल्या नकाशात त्याच कोपऱ्यात टाकीची गोल खूण असते. तशीच विमानातून घेतलेली जुनी छायाचित्रं आणि शहरातल्या धंद्यांच्या वार्षिक पत्तासूच्या. शेजारच्या गाळ्यात तीस वर्षं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं, हे बहुतेकदा या सूच्यांतूनच उमगतं.

आजूबाजूचंही पाहायचं. सुपरफंड यादीतल्या जागा एक मैलापर्यंत, गळक्या भूमिगत टाक्यांच्या नोंदी अर्ध्या मैलापर्यंत. शेजाऱ्याचं प्रदूषण भूजलाबरोबर तुमच्या हद्दीत येतं, त्याला खरेदीखतातली सीमा कळत नाही.

आता सगळ्यात घातक सापळा. चौकशीचे पाच भाग, म्हणजे मुलाखती, पर्यावरणी बोजांचा (सफाईच्या खर्चापोटी जागेवर चढलेल्या हक्कांचा) शोध, सरकारी नोंदी, जागेची पाहणी आणि तज्ज्ञाचं प्रतिज्ञापत्र, हे सगळे खरेदीच्या तारखेआधी १८० दिवसांच्या आतले असावे लागतात. दिवस मोजायचे ते यांतल्या सर्वांत जुन्या तारखेपासून. अहवालावरची तारीख धरायची नाही. समजा, नोंदी ५ जानेवारीला मागवल्या, पाहणी २० जानेवारीला झाली आणि अहवाल मार्चअखेर आला. खरेदीदार मार्चपासून मोजतो आणि सप्टेंबरपर्यंत निवांत राहतो. मुदत प्रत्यक्षात जुलैच्या सुरुवातीलाच संपलेली असते. नगरपालिकेची मंजुरी, बँकेची कागदपत्रं, वारसांची सही यात सहा महिने सहज जातात. म्हणून फेज वन फार लवकर करून ठेवण्यात शहाणपण नाही. एक वर्षाच्या आत असेल तर हे पाच भाग ताजे करून अहवाल वाचवता येतो. त्यासाठी थोडे पैसे राखून ठेवावेत.

फेज टू: यंत्र जागेवर येण्याआधी

फेज वनमध्ये संशयाची ठिकाणं निघाली की नमुने घ्यायचे. पण ईपीएच्या पैशातून पहिला नमुना घेण्याआधी गुणवत्तेचा आराखडा मंजूर हवा. याला सगळे ‘क्वॅप’ म्हणतात. कुठे, किती खोल, काय शोधायचं, कोणत्या पद्धतीने, प्रयोगशाळा किती बारीक मोजू शकते, निकाल कोणत्या निकषाशी ताडायचा, हे सगळं त्यात असतं. मंजुरीआधी घेतलेले नमुने वाया जाऊ शकतात. शहाणे लोक अनुदान मिळताच सर्वसाधारण क्वॅप मंजूर करून घेतात आणि पुढे प्रत्येक जागेसाठी छोटी पुरवणी जोडतात.

क्वॅपमधली एक ओळ हमखास दुर्लक्षित राहते: प्रयोगशाळेची मोजण्याची मर्यादा. निकष १ असेल आणि प्रयोगशाळा ५ च्या खालचं पाहूच शकत नसेल, तर ‘आढळलं नाही’ या निकालाला काही अर्थ नाही. पैसे गेले आणि प्रश्न होता तिथेच राहिला.

खणण्याआधी ८११ या क्रमांकावर फोन करून भूमिगत वाहिन्या आखून घेणं बंधनकारक. मात्र ही सेवा साधारणपणे सार्वजनिक वाहिन्यांपुरती, मीटरपर्यंतची. कारखान्याच्या आवारातल्या अंतर्गत नळ्या, जुन्या टाक्या, गटारं यांसाठी खासगी शोधक आणावा लागतो. तो खर्च अंदाजपत्रकातून गळाला की ड्रिल कशावर तरी आदळतं.

प्रत्यक्ष काम असं चालतं. दाबयंत्र पोकळ नळी जमिनीत ढकलतं. आत पारदर्शक प्लास्टिकचा ४ किंवा ५ फुटी अस्तर-पाइप असतो. तो वर काढून उभा चिरतात आणि मातीचा सलग गाभा समोर येतो: वर राखाडी भराव, विटांचे तुकडे, कोळशाची खर, मग काळपट पट्टा, खाली स्वच्छ पिवळी चिकणमाती. गाभ्याच्या कडेने पीआयडी नावाचं हातातलं यंत्र फिरवतात. बाष्पशील रसायन असेल तर आकडा चढतो. पण या यंत्राला शिसं, आर्सेनिक असले धातू दिसत नाहीत. त्यांच्यासाठी एक्सआरएफ हे वेगळं यंत्र. फक्त पीआयडीच्या भरवशावर नमुन्याची जागा निवडली तर धातूंनी भरलेला पट्टा हातातून सुटतो.

बाष्पशील रसायनांसाठी माती पिशवीत भरून न्यायची नाही, वाटेतच अर्धं उडून जातं. सुमारे ५ ग्रॅमचा तुकडा पिचकारीसारख्या नळीने काढून तिथल्या तिथे मिथेनॉलच्या कुपीत सोडतात. पाणी ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत काठोकाठ भरायचं, थेंबभर आम्ल घातलेलं. झाकण लावून कुपी उलटी करायची, बोटाने टिचकी मारायची. बुडबुडा दिसला तर ती टाकून पुन्हा भरायची, कारण रसायन त्या हवेत निघून जातं. नमुने ६ अंश सेल्सियसच्या आत बर्फात, प्रयोगशाळेत १४ दिवसांच्या आत चाचणी. प्रत्येक पेटीबरोबर ताबा-साखळीचा कागद: कुणी, कधी, कुणाच्या हाती दिलं. त्यात एक सही राहिली तरी उद्या कोर्टात तो नमुना लंगडा ठरतो.

विहिरीचं पाणी घाईने उपसलं की गढूळ येतं आणि धातूंचे आकडे फुगतात. बाटलीतलं आम्ल पाण्यातले मातीचे कण विरघळवतं आणि मातीतलं शिसं पाण्यातलं म्हणून मोजलं जातं. म्हणून मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर इतक्या संथ गतीने, आम्लता आणि विद्युतवाहकता स्थिरावेपर्यंत उपसा करून मगच बाटली भरायची. भूजल कोणत्या दिशेला वाहतं ते कळायला किमान तीन विहिरी हव्यात. दोनच खणून दिशा सांगणारा सल्लागार अंदाज विकतो आहे.

ड्रायक्लीनिंगमधलं पर्क आणि धातू धुण्याचं टीसीई ही दोन विद्रावकं पाण्यापेक्षा जड असतात. ती खाली बुडतात, चिकणमातीच्या थरावर साचतात आणि उताराने भलतीकडेच सरकतात. फरशीच्या काँक्रीटमधूनही झिरपतात. पिण्याच्या पाण्यात दोहोंची कमाल मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम. त्यांची वाफ जमिनीतून इमारतीत शिरते, त्यामुळे पाणी नळाचं असलं तरी धोका टळत नाही. अशा जागी घरं किंवा पाळणाघर होणार असेल तर फरशीखालच्या हवेचे नमुने घेतलेच पाहिजेत.

आकडे आले, आता वाचायचे कसे

‘निकषापेक्षा जास्त’ हे शब्द दिसले की बैठकीत खळबळ उडते. आर्सेनिकचं उदाहरण घ्या. निवासी मातीसाठी ईपीएचा प्राथमिक चाळणीचा आकडा किलोला ०.६८ मिलिग्रॅम आहे, आणि निसर्गतः मातीत त्याच्या कितीतरी पट आर्सेनिक असतं. कारखाना कधीच नव्हता अशा जवळच्या जमिनीचे नमुने घेतलेले असतील तर तुलना होते. नसतील तर नाहक सफाईचा खर्च अंगावर येतो. पार्श्वभूमीचे चार-सहा नमुने हा सगळ्यात स्वस्त विमा.

निकष बदलतातही. निवासी मातीतल्या शिशासाठी किलोला ४०० मिलिग्रॅम हा आकडा वर्षानुवर्षं चालला. जानेवारी २०२४ मध्ये ईपीएने तो २०० वर आणला. राज्यांचे स्वतःचे निकष असतात ते वेगळेच. जुना फेज टू अहवाल ‘स्वच्छ’ म्हणत असला तरी तो कोणत्या आकड्याशी ताडला होता ते तपासावं. पीएफओए आणि पीएफओएस ही पीएफएएस गटातली, म्हणजे निसर्गात सहजी न विघटणारी दोन रसायनं २०२४ मध्ये सुपरफंडच्या घातक यादीत आली. त्याआधीच्या अहवालांत त्यांचा उल्लेखही नसण्याची शक्यता मोठी.

अनुदान अडकतं कुठे

बहुतेक वेळा जमिनीत नाही, कागदात. सल्लागार कंपनी खुल्या स्पर्धेतून निवडावी लागते. अर्ज ‘फुकट’ लिहून देणाऱ्या कंपनीला नंतर आपोआप काम दिलं तर खर्च नामंजूर होऊ शकतो. जागेवर येऊ देण्याचं मालकाचं परवानगीपत्र ही दुसरी अडचण: तोंडी हो म्हणणारा मालक फेज टूच्या वेळी कच खातो, कारण निकाल वाईट आला तर ते त्याला कायमचं माहीत होणार, आणि काही राज्यांत कळवावंही लागणार. प्रवेशाच्या करारात यंत्र कुठे लागेल, खड्डे कसे बुजवले जातील, अहवाल कुणाला मिळेल हे आधीच लिहून घेतलं तर निम्मी भांडणं टळतात.

ज्या छोट्या गावाकडे अर्ज सांभाळायला माणूसच नाही त्याने अनुदानाच्या नादी न लागता ईपीएची ‘लक्ष्यित तपासणी’ मागावी. यात ईपीएचा कंत्राटदार थेट येऊन काम करतो. लेखापरीक्षण, निविदा, तिमाही अहवाल काही नाही. राज्यांच्या कार्यक्रमांतही अशी सोय सापडते. मात्र फेज वन खरेदीच्या संरक्षणासाठी हवा असेल तर त्यात ‘वापरकर्ता’ म्हणून प्रत्यक्ष खरेदीदाराचं नाव आहे ना, आणि बोजांचा शोध व किमतीची विचारपूस हे खरेदीदाराच्या वाट्याचे प्रश्न त्याने स्वतः भरून दिले आहेत ना, एवढं अहवाल ताब्यात घेण्याआधी पाहून घ्यावं.